आठ लिटरची घागर

नवी पेठेतल्या एका भांड्यांच्या दुकानात उंच, चष्मेवाला एक तरुण बादलीतलं पाणी मापानं मोजून घागरीत ओतत उभा होता. त्याच्या पायाशी सहा ओल्या घागरी ओळीनं मांडलेल्या होत्या. सातवी काठोकाठ भरली, तसा तो हिरमुसून म्हणाला, "हिच्यात साडेनऊ लिटर बसलं. हीसुद्धा नको."

"साहेब," दुकानदारानं हातच जोडले, "तुम्हाला घागर घ्यायचीय की तिची परीक्षा घ्यायचीय?"

"परीक्षाच घ्यायचीय. पण तिची नव्हे. बरोबर आठ लिटरची हवी."

सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेचे दिवस होते. खेड्यापाड्यांतली माणसं बाजारात मावत नव्हती, आणि लीला हुद्दार जुना तांब्या मोडीत देण्यासाठी अर्धा तास त्या दुकानाच्या पायरीवर ताटकळत होती. तिला आधी राग आला, मग हसू आलं, आणि शेवटी राहवेना.

"अहो, काठापर्यंत भरायलाच हवी असं कुठं लिहिलंय? हीच घ्या. आत आठ लिटर ओता आणि पाणी पोचेल तिथं खिळ्यानं एक रेघ ओढा. झालं."

तरुणानं वळून पाहिलं. त्याच्या चष्म्यावर पाण्याचे थेंब उडाले होते. ते पुसायचंही त्याला सुचलं नाही.

"हे... हे मला कसं सुचलं नाही?"

"घरी पाणी दुसरं कोणीतरी भरत असेल," लीला म्हणाली आणि तांब्या दुकानदारापुढे ठेवला.

तो खळखळून हसला. हसताना चष्मा नाकावरून घसरला, तो त्यानं ओल्या हातानंच वर ढकलला. नवा तांब्या घेऊन लीला घरी निघाली, तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपणही हसतोय... एकट्याच, भर रस्त्यात.

सोमवारी ती नव्या नोकरीवर हजर झाली. नोकरी तीनच महिन्यांची होती. पुण्याची एक संस्था म्हाताऱ्या माणसांची पाहणी करत होती, आणि अक्कलकोटकडच्या गावांसाठी त्यांना कानडी समजणारी मुलगी हवी होती. लीलाचं आजोळ मैंदर्गीचं, त्यामुळे कानडी तिला दूधभातासोबतच मिळालेली. जिना चढून ती कचेरीत शिरली. समोरच्या टेबलावर घागर होती, आणि घागरीमागे तोच चष्मा.

"तुम्ही!" दोघंही एकदमच म्हणाले.

त्याचं नाव मुकुंद केसकर. पाहणीचा प्रमुख तोच. वय अवघं अठ्ठावीस, पण काम समजावून सांगू लागला की एकदम मोठा दिसायचा.

"माणसं आता पूर्वीपेक्षा जास्त जगतात, मिस हुद्दार. ते मोजणं सोपं आहे. पण ही वाढलेली वर्षं कशी जातात? हिंडण्याफिरण्यात की अंथरुणात? आयुष्य किती, आणि त्यातलं धडधाकट किती, हे आपल्याला काढायचंय. आठ वर्षांपूर्वी याच गावांत पाहणी झाली होती. आता पुन्हा तेच प्रश्न विचारायचे आणि फरक पाहायचा."

"आणि घागर?"

"जे म्हणतील आम्ही पाणी भरतो, त्यांनी ती उचलून दाखवायची. नुसत्या शब्दावर कसं जायचं?"

लीला मान डोलावत राहिली, पण मन घरी गेलं होतं. आप्पांकडे. तिचे वडील, बासष्ट वर्षांचे. शाळेत मास्तर होते. फळ्यावरचं त्यांचं अक्षर पाहायला दुसऱ्या वर्गातली मुलं दारात गोळा व्हायची. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत अर्धांगवायूनं त्यांचा उजवा हात गेला, पायही जरा ओढतच पडू लागला. आई तर लीला शाळेत असतानाच गेलेली. तेव्हापासून... म्हणजे त्या दिवाळीपासून, लीला आप्पांचा उजवा हात झाली होती. सदऱ्याची बटणं लावणं, भाकरी कुस्करणं, बशीत चहा ओतून ओठांशी नेणं, सगळं तीच करायची. माळशिरसच्या एका चांगल्या स्थळानं कळवलं होतं, 'मुलगी पसंत आहे, वडिलांची सोय आधी लावावी.' लीलानं त्याच दिवशी नकाराचं कार्ड टाकलं होतं.

धडधाकट वर्षं! आप्पांची तर संपलीच म्हणायची, असं तिला वाटलं. आणि आपली... तो विचार तिनं तिथंच थांबवला.

मैंदर्गीत जीप शिरली, तशी गल्ली ओस पडली. ते साल सत्त्याहत्तर. सरकारी जीप दिसली की पुरुषमाणसं नसबंदीच्या धास्तीनं रानात पळायची. शेवटी गावचा कोतवाल नागप्पा पारावर चढून ओरडला, "पळू नका रं! म्हातारी मानसं मोजाया आल्याती! तरन्यांचं काय काम न्हाय!"

मग माणसं आली, आणि जीपभोवती हसण्याचा एकच गलका झाला.

लीला घराघरांतून फिरू लागली. वय विचारलं की म्हाताऱ्या म्हणायच्या, "मानमोडीच्या साली माझं लगीन झालं, आता तूच बघ किती झाली." मुकुंद शेजारी बसून अठरा सालच्या त्या साथीपासून बोटांवर वर्षं मोजायचा. आणि पुढचा प्रश्न विचारला की एकामागून एक तेच उत्तर यायचं. पाणी भरता? न्हाय. दळण? न्हाय. भाकरी? न्हाय बाई, न्हाय. लीला कागदावर 'नाही' लिहीत जायची, आणि घागर जीपमध्ये तशीच पडून राहायची.

तीन आठवडे असे गेले. ग्रामपंचायतीच्या खोलीत मुकुंदनं आकडे मांडले, तेव्हा त्याचा चेहरा उतरला.

"आठ वर्षांत इथल्या बायकांची चार धडधाकट वर्षं कमी झालीत. पुरुषांची नाहीत, फक्त बायकांची. पन्नाशी आली की जणू त्या मोडूनच पडतात."

"मैंदर्गीच्या बायका?" लीलाचा विश्वासच बसेना. "माझ्या आजोळच्या?"

"आकडे खोटं बोलत नाहीत, मिस हुद्दार."

"आकडे बोलतच नाहीत हो. बोलतात माणसं!"

तो चिडेल असं तिला वाटलं. पण त्यानं पेन्सिल खाली ठेवली आणि तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "मग चला," तो म्हणाला. "बोलायला लावा त्यांना."

दोघं गावाबाहेरच्या वाटेनं निघाले. ज्वारी काढणीला आलेली, वाऱ्यानं कणसं डुलत होती. समोरून कडब्याचा एक भलामोठा भारा चालत येताना दिसला. भाऱ्याखाली दोन काटक पाय होते. भारा जवळ आला, धाडकन बांधावर पडला आणि त्यातून मल्लव्वा निघाली. हीच ती मल्लव्वा, जिच्या कागदावर आठवड्यापूर्वी लीलानं सगळीकडे 'नाही' लिहिलं होतं.

"बर्री, बर्री... या, या!" तिनं कपाळाचा घाम पदरानं टिपला. "हितं कुटं फिरताय उन्हाचं?"

मुकुंद भाऱ्याकडे आणि मल्लव्वाकडे आळीपाळीनं पाहत होता. "आजी, तुम्ही तर म्हणाला होता, पाणी भरत नाही!"

"न्हायच भरत."

"आणि हा भारा?"

"ह्यो तर कडबा हाय. कडबा काय पानी हाय व्हय?" मल्लव्वानं लीलाकडे पाहिलं, जणू हा शहाणा माणूस कुठून धरून आणलास? "ऐक सायबा. सून घरात आली त्या दिशी म्या तिच्या कमरंवर घागर दिली. आता म्याच पानी भरलं, तर लोक काय म्हनतील? सून आळशी हाय, म्हातारीला राबवती. भरल्या घरात तिच्या म्होरं इचारलंस, तवा मी काय सांगू? लेकीवानी पोर हाय ती माजी. तिचा कमीपना करू?"

मुकुंद बांधावरच बसला. मल्लव्वानं फडक्यातली कडक भाकरी मोडून शेंगाच्या चटणीबरोबर त्याच्या हातावर ठेवली. पहिल्याच घासाला त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. चटणीनं आलं की आकड्यांनी, कोण जाणे. लीलानं तांब्या पुढे केला. तो घेताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली, आणि तांब्या दोघांच्या हातांत क्षणभर तसाच राहिला.

"पण आठ वर्षांपूर्वी याच बायका 'हो' कशा म्हणाल्या?" त्यानं घाईघाईनं विचारलं.

त्याचं उत्तर गावात परतल्यावर नागप्पानं दिलं, तेही हसत हसत. "त्या टायमाला बाया कुटं इचारल्या? चावडीत बसून समद्यांच्या पोरांनी लिवून दिलं की. आई काय करती, तर समदंच करती!"

लीलानं मग युक्ती केली. पुढच्या सोमवारी तिनं साऱ्या म्हाताऱ्यांना देवळाच्या आवारात बोलावलं. अट एकच: सुनांनी यायचं नाही. घागर मधोमध ठेवली, रेघेपर्यंत भरली. आधी कोणी पुढे होईना. मग मल्लव्वानं पदर खोचला, घागर उचलून कमरेवर घेतली आणि देवळाला एक प्रदक्षिणाच घातली. त्यानंतर काय विचारता! "सरक, माजी पाळी!" म्हणत म्हाताऱ्या पोरींसारख्या ढकलाढकली करू लागल्या. साठीतल्या, सत्तरीतल्या. दोघीतिघींना ती उचलवली नाही, त्या खरंच थकल्या होत्या, आणि त्यांच्याजवळ लीला घटकाभर बसली. पण बाकीच्यांची नावं लिहिता लिहिता मुकुंदची पेन्सिल झिजली.

"सायब, आता तुमी!" मल्लव्वानं आव्हान दिलं.

मुकुंदनं घागर कमरेवर घेतली. ती तिथं राहीना. अर्धी त्याच्या शर्टावर, अर्धी पँटवर रिकामी झाली. आवारात हास्याचा कल्लोळ उठला. मल्लव्वानं लीलाला कोपरानं ढोसलं आणि म्हणाली, "छलो हुडुग अदान!"

लीलाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"काय म्हणाल्या त्या?" मुकुंदनं शर्ट पिळत विचारलं.

"घागर नीट धरा म्हणाल्या."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग तुम्ही लाजताय कशाला?"

"ऊन लागलं!" लीला म्हणाली आणि कागद गोळा करायला वळली.

मार्च उजाडला तसं ऊन खरंच चढलं. एका दुपारी सोलापूरकडे परतताना जीपच्या इंजिनातून वाफा निघू लागल्या. ड्रायव्हर धोंडीराम घागर उचलून पाण्याच्या शोधात गेला, आणि ती दोघं रस्त्याकडेच्या कडुनिंबाखाली बसली. निंबाला कोवळी तांबूस पालवी फुटली होती.

"महिनाअखेर मला पुण्याला परत जायचंय," मुकुंद म्हणाला.

"माहीत आहे."

"तुम्ही... याल?"

"कुठं?"

"पुण्याला. माझ्याबरोबर. म्हणजे – कायमच्या." तो एका दमात बोलून गेला, आणि मग चष्मा काढून उगाचच पुसत बसला. चष्म्याविना त्याचे डोळे फार तरुण दिसत होते.

लीलाला किती काय काय बोलायचं होतं! पण तोंडून निघालं ते भलतंच.

"आप्पांचा चहा कोण करेल?"

तो हसला नाही. "एवढंच कारण आहे?"

"एवढंच नाही. पण सगळं त्यातच आलं." तिनं खाली पडलेलं एक पान उचललं. "ते म्हणतात, मी कुणाच्या दारी ओझं होऊन जाणार नाही. आणि त्यांना टाकून मी कुठंच जाणार नाही. तेव्हा... मला पुन्हा विचारू नका. खरंच विचारू नका. कारण दुसऱ्यांदा 'नाही' म्हणणं मला जमायचं नाही."

मुकुंदनं चष्मा डोळ्यांवर चढवला. "नाही विचारणार," तो हळूच म्हणाला.

आणि त्यानं शब्द पाळला. पुढचे पंधरा दिवस तो फक्त कामाचं बोलला. लीलाला वाटायचं, बरं झालं. आणि रात्री उशी ओली व्हायची.

एकतीस तारखेला तिची नोकरी संपली. कचेरीत निरोप घेताना मुकुंद जागेवर नव्हता. पुण्याहून पत्र आलं म्हणून पोस्टात गेलाय, असं कळलं. लीला थोडं थांबली. मग नवी पेठेतून आप्पांसाठी धोतरजोडी घेतली. भांड्यांच्या दुकानावरून जाताना मान वर केली नाही, आणि दत्त चौकाजवळच्या आपल्या दोन खोल्यांच्या दाराशी येऊन ती थबकली.

उंबऱ्याबाहेर ओळखीच्या चपला होत्या. आतून स्टोव्हचा आवाज येत होता.

स्टोव्ह? कोणी पेटवला?

ती आत धावली. स्वयंपाकघरात आप्पा स्टोव्हपुढे उभे होते. उजवा हात नेहमीसारखा लोंबकळत होता, डाव्या हातात साखरेचा चमचा होता. ओट्यावर साखर सांडलेली, चहाची पूड जमिनीवर, काड्यापेटीच्या चार काड्या मोडून पडलेल्या. आणि मुकुंद दाराजवळच्या स्टुलावर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला होता. मदतीला धावू नयेत म्हणून त्यानं ते दाबून धरलेत, हे पाहताक्षणी कळत होतं.

"आप्पा! ठेवा ते, भाजेल!"

"तू तिथंच थांब," आप्पा म्हणाले. वर्गातला आवाज. दोन वर्षांत ऐकला नव्हता तिनं.

लीला मुकुंदवर उसळली. "माझ्या घराची पाहणी करायला तुम्हाला कोणी सांगितलं?"

"त्यांना कशाला बोलतेस?" आप्पांनी चमचा पातेल्यात हलवला. "ते तुझी वाट पाहत बसले. मी म्हटलं, चहा मिळायचा नाही, लीला घरात नाही. तर हे विचारतात, तुम्हाला येत नाही का? मला असा राग आला म्हणतेस! म्हटलं, येत नाही म्हणजे काय? न यायला काय झालं? आणि मग... बोलून बसल्यावर करून दाखवायला नको?"

"पण आप्पा, तुम्ही कधी म्हणालाच नाहीत!"

आप्पांनी स्टोव्ह बारीक केला. त्यांचा आवाजही उतरला. "कसा म्हणणार, बाळ? दोन वर्षं तू सगळं जीव ओतून केलंस. स्थळं परत पाठवलीस. आता मी म्हणालो असतो, की माझं मला थोडंफार जमतंय, तर तुझ्या कष्टांची किंमत काय राहिली असती? तुला कमीपणा आला असता. म्हणून गप्प बसलो. आणि मग बसता बसता, खरंच येत नाही असं मलाही वाटायला लागलं."

लीलाला कडब्याचा भारा आठवला. बांधावर घाम पुसणारी मल्लव्वा आठवली. मैंदर्गीभर फिरून दुसऱ्यांची चूक शोधली आपण... आणि घरच्या माणसाच्या कागदावर दोन वर्षं 'नाही' लिहीत राहिलो! एकदाही विचारलं नाही. ती दाराच्या चौकटीला टेकली आणि पदर तोंडाशी धरून रडू लागली. रडता रडता हसू लागली, कारण आप्पांनी चहात पुन्हा एकदा साखर घातली होती.

"मी निघायला हवं का?" मुकुंद अर्धवट उठला.

"बसा हो," आप्पा म्हणाले. "चहा गाळायचाय अजून. त्याला वेळ लागेल."

लीला डोळे पुसत बाहेरच्या खोलीत आली. मागोमाग तोही आला. खिडकीतून उन्हाची तिरीप त्याच्या खांद्यावर पडली होती.

"पत्र आलंय पुण्याहून," तो म्हणाला. "पाहणीतली चूक संस्थेनं मान्य केली. सगळ्या गावांत पुन्हा जायचं, नव्यानं विचारायचं. सुनांना वगळून. दीड वर्ष मी सोलापुरातच आहे. तेवढंच सांगायला आलो होतो."

"तेवढंच?"

"तेवढंच. बाकीचं विचारायला तुम्ही मनाई केलीय."

लीलानं त्याच्याकडे पाहिलं. हा माणूस खरंच विचारणार नव्हता! दीड वर्ष समोर बसून कामाचं बोलला असता, पण विचारलं नसतं.

"मल्लव्वा देवळात काय म्हणाली होती, सांगू?"

"घागर नीट धरा."

"ते नव्हे. मुलगा चांगला आहे, म्हणाली."

"हं." त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू हललं. "धोंडीरामनं मला त्याच दिवशी सांगितलं होतं."

"आणि तुम्ही गप्प राहिलात? इतके दिवस?"

"तुमच्याकडून ऐकायचं होतं."

लीलानं श्वास घेतला. मग पाहणीत बसायची तशी ताठ बसली, आणि मांडीवर नसलेला कागद सारखा केला. "केसकरसाहेब, प्रश्न नीट ऐका. उत्तर खरं द्यायचं, कोणाला काय वाटेल याचा विचार न करता. तुमची जेवढी वर्षं पुढे आहेत... धडधाकट असोत, नाहीतर अंथरुणातली... ती तुम्ही माझ्याबरोबर काढाल?"

मुकुंदनं चष्मा काढला, आणि या वेळी त्याला खरंच पुसायची गरज होती.

"लीला," तो शेवटी म्हणाला. पहिल्यांदाच, नुसतं लीला. "दोन्ही. दोन्ही प्रकारची."

"मलाही कोणी विचारा की!" आतून आप्पांचा आवाज आला. "मला पुणं सोसायचं नाही. पण दीड वर्ष हातात आहे ना? तोवर भाकरी थापायला शिकतो. डाव्या हातानं."

पाय ओढत ते दारात आले. डाव्या हातात थाळी, थाळीत तीन कप. थाळी थरथरत होती, चहा काठांवरून हेलकावत बशांमध्ये सांडत होता. दारापासून टेबलापर्यंत सहा पावलं. लीलाचा हात आपोआप पुढे झाला.

मुकुंदनं तो अलगद धरला. नुसता धरून ठेवला.

आप्पा एक एक पाऊल टाकत आले. थाळी टेबलावर टेकली, तेव्हा कपांत अर्धाच चहा उरला होता.

लीलानं एक घोट घेतला. चहा पाकासारखा गोड होता.

"कसा झालाय?" आप्पांनी विचारलं, परीक्षेला बसलेल्या मुलासारखं.

"उद्यापासून," लीला म्हणाली, आणि हात मुकुंदच्या हातातून सोडवला नाही, "सकाळचा चहा तुम्हीच करायचा."